नसबंदी मोफत, वंध्यत्वावरचा उपचार मात्र दोन लाखांना

आपल्यापैकी अनेकांच्या आईचे लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी झाले आणि विशीच्या आत तिच्या मांडीवर मूल होते. त्याच घरातली मुलगी बी.ए. करते, एम.ए. करते, नेट-सेट देते, स्पर्धा परीक्षांचे चार-पाच प्रयत्न करते, फेलोशिपवर पीएच.डी. पूर्ण करते, तासिका तत्त्वावर काही वर्षे काढते. मुलाचेही तसेच. धाकट्यांची शिक्षणे, बहिणीचे लग्न, घराचे कर्ज हे सगळे मार्गी लावून स्वतःच्या लग्नाची वेळ येते तेव्हा तिशी उलटलेली असते. मग दोन वर्षांत पाळणा हलला नाही की गावाकडून फोन सुरू होतात. अमक्या बाबाचा अंगारा, तमक्या देवीचा नवस, कुठल्या तरी वैद्याची पुडी. शहरात बसस्टॉपवर गोंडस बाळाचे फलक असतात, त्यावर ‘सुलभ हप्ते’ असे लिहिलेले असते.

पदवी घेणारे घरातले पहिले आपणच, तसे या प्रश्नाला या वयात सामोरे जाणारेही पहिले आपणच. विचारायला घरात कुणी नाही. डॉक्टरची फाइल इंग्रजीत, आणि आईला समजावून सांगावे तर त्यातल्या शब्दांना घरच्या भाषेत नाव नाही. घरच्या भाषेत एकच शब्द तयार आहे, ‘वांझ’. तो फक्त बाईला लागतो.

या संपादकीयात आम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, मूल न होणे हा नशिबाचा किंवा बाईचा दोष नसून बहुतेक वेळा शोधता येणारे वैद्यकीय कारण आहे, आणि त्या कारणांपैकी बरीच गरिबीने, कामाने, दुर्लक्षाने वाढवलेली आहेत. दुसरी, आपल्या समाजांच्या प्रजननाकडे सरकारने आजवर मुख्यतः थांबवण्याची गोष्ट म्हणून पाहिले आहे. मूल नको असणाऱ्यांसाठी सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया आहे. मूल हवे असणाऱ्यांना तोच दवाखाना खासगीचा रस्ता दाखवतो.

आधी वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. जोडप्याने गर्भनिरोधक न वापरता नियमित संबंध ठेवूनही एक वर्षात गर्भ राहिला नाही तर त्याला वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो, आणि श्रीमंत व गरीब देशांत या प्रमाणात फारसा फरक नाही. फरक आहे तो उपचार कुणाच्या आवाक्यात आहे यात. म्हणजे हा ‘मोठ्या लोकांचा आजार’ नाही. आपल्या वस्तीतही तो तितकाच आहे. तिथे त्याला आजार म्हणत नाहीत, एवढेच.

कारणांची विभागणी ढोबळमानाने अशी: सुमारे एक तृतीयांश जोडप्यांत कारण स्त्रीकडे, एक तृतीयांशात पुरुषाकडे, उरलेल्यांत दोघांकडे किंवा न सापडणारे. एकुणात निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा वाटा असतो. तरीही आपल्याकडे तपासणी बाईपासून सुरू होते. तिची सोनोग्राफी होते, नळ्यांचा एक्स-रे होतो, कुठे दुर्बिणीतून शस्त्रक्रियाही होते, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी दोन वर्षांनी, तीही कुरकुरत. वास्तविक ती सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. दोष दिसला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचे, कारण एका नमुन्यावर निष्कर्ष काढत नाहीत. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तंबाखू-गुटखा सोडला, दारू कमी केली, ताप किंवा संसर्ग बरा झाला, तरी त्याचा फायदा तीन महिन्यांनंतरच्या नमुन्यात दिसतो. जिममध्ये घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शरीर पीळदार करतात, पण शुक्राणूंची निर्मिती थांबवू शकतात. हे आपल्या तरुण पोरांना कुणी सांगत नाही.

नमुन्यात शुक्राणू अजिबात नसले तरी सगळे संपले असे नाही. वाट अडलेली असेल तर ते वृषणातून काढता येतात, आणि एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची इक्सी ही पद्धत १९९२ पासून जगात वापरात आहे.

पुरुषाच्या तपासणीबद्दल बोलताना जोतिराव आणि सावित्रीबाईंचे घर आठवणे भाग आहे. त्यांना मूल झाले नाही. दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला तेव्हा जोतिरावांनी तो नाकारल्याचे त्यांची चरित्रे सांगतात. मूल होत नाही म्हणून सवत आणणाऱ्या पुरुषाने तोच न्याय उलटा लावून पाहावा, हा त्यांचा रोख होता. ज्या काळात वीर्यतपासणी नावाची गोष्ट कुणाला माहीत नव्हती त्या काळात एका माणसाने नुसत्या न्यायबुद्धीने हे ओळखले. आज त्यांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या घरात सुनेला एकटीला दवाखान्यात पाठवले जात असेल, तर तो फोटो कशासाठी लावला, हे त्या घराने स्वतःला विचारावे.

आता वयाचा मुद्दा. तो टाळून चालणार नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख स्त्रीबीजे असतात, पाळी सुरू होईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात, आणि नवीन तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर संख्या व गुणवत्ता वेगाने घटते, चाळिशीनंतर आणखी वेगाने. आयव्हीएफ, म्हणजे ज्याला आपण टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो, ते वयावर मात करू शकत नाही. स्वतःची बीजे वापरून केलेल्या एका प्रयत्नात मूल हाती येण्याची शक्यता चांगल्या केंद्रांतही पस्तिशीच्या आत साधारण चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास असते, चाळिशी ओलांडल्यावर दहा-पंधरा टक्क्यांवर येते आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीसनंतर पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली जाते. पुरुषाच्या वयाचाही परिणाम होतो, पण तो हळू होतो.

यावरून कुणी म्हणेल, मग मुलींनी शिकूच नये का? हा निष्कर्ष काढायला मनुवादी टपलेलेच आहेत. आमचे म्हणणे उलट आहे. शिक्षणाची वर्षे वाया गेली ती मुलीच्या हट्टामुळे नाही. भरती पाच-पाच वर्षे रखडते, पेपर फुटतो, फेलोशिप वेळेवर मिळत नाही, प्राध्यापकांच्या जागा भरल्या जात नाहीत. घरी शेती किंवा दुकान असलेल्या सवर्ण मुलाला पंचविशीत लग्न परवडते. नोकरी हाच एकमेव आधार असलेल्याला परवडत नाही. सरकार रोखून धरते ती राखीव जागा, पण त्या रोखण्यात आपल्या पिढीचे वयही खर्ची पडते.

एक चाचणी मात्र या भीतीचा बाजार मांडते. एएमएच नावाच्या रक्ततपासणीवरून अंडाशयात अंदाजे किती बीजसाठा उरला आहे ते कळते. बीजांची गुणवत्ता कळत नाही, आणि नैसर्गिकपणे गर्भ राहील की नाही हेही त्यावरून सांगता येत नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय कितपत प्रतिसाद देईल, यासाठी ती उपयोगाची. ‘तुमचा एएमएच कमी आहे, आजच पैसे भरा’ असे सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलीला कुणी म्हटले तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जावे.

वय सगळ्यांचे वाढते. पण पुढची कारणे सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाहीत.

त्यातले पहिले क्षयरोग. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षय म्हटले की आपल्याला खोकला आणि फुफ्फुस आठवते. पण त्याचे जंतू रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत जातात, आणि जननेंद्रियांच्या क्षयात जवळजवळ नेहमी नलिकांवरच पहिला घाला येतो. पुष्कळदा खोकला नसतो, ताप नसतो. पाळी कमी होते, ओटीपोटात दुखते किंवा काहीच होत नाही. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केली की ‘नळ्या बंद’ असे कळते. वेळेत निदान झाले तर औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात आणि सहा महिन्यांत रोग बरा होतो. उशीर झाला तर रोग बरा होतो, पण नळ्या परत मिळत नाहीत. मग नळ्यांना वळसा घालणारे आयव्हीएफ हा मार्ग उरतो. गर्भाशयाचे अस्तरही जंतूंनी खाल्ले असेल तर तोही बंद होतो, कारण गर्भ रुजायला जागा राहत नाही.

क्षय कुणाला होतो? एका खोलीत सात माणसे झोपतात त्यांना. ज्यांच्या ताटात डाळ पातळ असते त्यांना. दगडाच्या खाणीत धूळ गिळून सिलिकोसिस झालेल्यांना, कारण सिलिकोसिस क्षयाचा धोका अनेक पटींनी वाढवतो. राजस्थानच्या खाणींत दगड फोडणारे बहुतांश दलित आणि आदिवासी आहेत. बाप खाणीतून क्षय घरी आणतो, आणि पंधरा वर्षांनी लेकीला ‘वांझ’ म्हणून माहेरी पाठवले जाते. या दोन घटनांमधली साखळी कुणी जोडून दाखवत नाही.

दुसरे कारण संसर्ग. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, बाळंतपणात किंवा असुरक्षित गर्भपातात झालेला जंतुसंसर्ग. क्लॅमायडियासारखा संसर्ग तर लक्षणेही दाखवत नाही. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर बहुतेक संसर्ग बरे होतात. दुर्लक्ष झाले तर नलिका चिकटतात, कधी त्यांत पाणी साठते. असे पाणी साठलेल्या नलिका तशाच ठेवून आयव्हीएफ केले तर यशाची शक्यता जवळपास निम्म्यावर येते, म्हणून आधी ती नलिका काढावी किंवा बांधावी लागते. दहा वर्षांपूर्वी स्वस्त गोळ्यांनी बरा झाला असता असा संसर्ग आज लाखांचा उपचारही फोल करू शकतो.

याच दुर्लक्षाचे दुसरे टोक बीडमध्ये दिसले. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक खाडा झाला तर दंड. पाळी, पांढरे जाणे, पोटदुखी यांसाठी सुट्टी कुठून आणणार? २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. हे फक्त महाराष्ट्रात घडले असेही नाही. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमध्ये गरीब बायकांच्या पिशव्या विनाकारण काढल्याची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने अशा शस्त्रक्रियांवर देखरेखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. तोच संसर्ग, तीच पोटदुखी. एकीला गोळी मिळत नाही म्हणून तिच्या नळ्या बंद होतात, दुसरीला गोळीऐवजी शस्त्रक्रिया मिळते. दोघींचे शरीर नीट तपासायला कुणाला वेळ नव्हता.

तिसरे कारण काम. १९७७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यातील कामगार आपापसांत बोलताना त्यांच्या लक्षात आले की अलीकडे कुणालाच मूल झालेले नाही. त्यांनी तपासणीची मागणी केली. डीबीसीपी नावाच्या रसायनाने अनेकांचे शुक्राणू कमी किंवा नाहीसे झाले होते, हे त्यातून उघड झाले. तज्ज्ञांच्या आधी कामगारांनी ते ओळखले. आपल्याकडे तोंडाला साधे फडके बांधून फवारणी करणारा शेतमजूर, जुन्या बॅटऱ्यांतले शिसे वितळवणारा, भट्टीसमोर दहा तास उभा राहणारा कामगार कोणत्या जातींतून येतो हे सांगायला नको. शिसे आणि अतिउष्णता शुक्राणूंना अपाय करतात हे सिद्ध आहे. पण मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषाला ‘तू काम काय करतोस?’ हा प्रश्न किती डॉक्टर विचारतात?

यांशिवाय जातीपातीच्या पलीकडची कारणे आहेतच: पीसीओएस, थायरॉइड, एंडोमेट्रिओसिस, पुरुषांत वृषणाच्या शिरा फुगणे. त्यांचे सगळ्यांत मोठे दुखणे म्हणजे उशीर. पाळीत असह्य दुखणाऱ्या मुलीला ‘बाईच्या जातीला एवढे सोसावेच लागते’ असे सांगितले जाते, आणि एंडोमेट्रिओसिसचे निदान व्हायला वर्षे जातात. पीसीओएसमध्ये वजन पाच ते दहा टक्के कमी केल्यावरही अनेकींचे बीज पुन्हा नियमित फुटू लागते. नाहीच फुटले तर लेट्रोझोलसारख्या स्वस्त गोळ्या आहेत. मिशरी आणि तंबाखू अंडाशयाचे वय वाढवतात. हे सगळे आयव्हीएफच्या खूप अलीकडचे उपाय आहेत. मूल न होणाऱ्या बहुसंख्य जोडप्यांना आयव्हीएफ लागतच नाही. लागते ती वेळेवर झालेली साधी तपासणी.

ती साधी तपासणी सरकारी दवाखान्यात का मिळू नये, याचे उत्तर शोधायला गेलो की सरकारचा जुना हिशेब समोर येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची नसबंदी उरकली गेली. त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर तेरा जणी दगावल्या. बहुतेक दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय घरांतल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही शिबिर-पद्धत तीन वर्षांत बंद करा असे सांगावे लागले. दुर्गम गावात शिबिराचे टेबल, गाडी, भूल आणि सर्जन पोहोचवता येतात, तर जिल्हा रुग्णालयात वीर्यतपासणीचे सूक्ष्मदर्शक आणि ते बघणारा माणूस का बसवता येत नाही?

तंत्रज्ञान सरकारी दवाखान्याला झेपणारे नाही, असे म्हणावे तर इतिहास उलटा आहे. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आणली होती. व्यवस्थेने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही आणि त्यांच्या हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही. त्यानंतर शास्त्रीय नोंदीसह देशातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले ६ ऑगस्ट १९८६ रोजी, परळच्या केईएममध्ये. केईएम म्हणजे महापालिकेचे रुग्णालय, गिरणगावाचे रुग्णालय. सोबत होती आयसीएमआरची संशोधन संस्था. जनतेच्या पैशावर, जनतेच्या दवाखान्यात हे ज्ञान उभे राहिले. आज त्याच ज्ञानाचा एक प्रयत्न खासगी केंद्रात दीड ते अडीच लाखांना विकला जातो, आणि पुष्कळांना दोन-तीन प्रयत्न लागतात.

सरकार पैसे कुणाला देते तेही पाहा. सीजीएचएसखाली येणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना काही अटींवर आयव्हीएफची प्रतिपूर्ती मिळते: तीन प्रयत्नांपर्यंत, प्रत्येकी ६५ हजारांच्या मर्यादेत. (आपल्यापैकी जे केंद्रीय सेवेत आहेत त्यांनी ताजे परिपत्रक काढून हा हक्क जरूर वापरावा.) आणि गरिबांसाठीच्या आयुष्मान भारत योजनेत? प्रजननविषयक उपचार वगळलेले आहेत. म्हणजे कार्यालयातल्या अधिकाऱ्याला मदत, आणि त्याच कार्यालयाचे शौचालय धुणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराला नकार. दिल्लीच्या एम्समध्ये आयव्हीएफ केंद्र आहे. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही सेवा मोफत सुरू केली. इच्छा असेल तर होते, एवढे यातून सिद्ध होते.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक, ‘लोकसंख्या आधीच एवढी, त्यात सरकारने आणखी मुले जन्माला घालायला पैसे द्यायचे?’ हा आक्षेप लाखो रुपये भरून उपचार घेणाऱ्या उच्चभ्रू जोडप्याला कुणी ऐकवत नाही. लोकसंख्येचा भार नेहमी आपल्याच पोरांचा कसा मोजला जातो? दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे: ‘पोटाला नाही, शाळा बंद पडताहेत, आणि तुम्ही टेस्ट ट्यूब बेबीचे काय घेऊन बसलात?’ त्याला उत्तर बाबासाहेबांच्या सार्वजनिक आयुष्यात आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी गिरणीतल्या बायकांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३८ मध्ये संततिनियमनाच्या ठरावाच्या बाजूने त्यांचे भाषण मुंबई विधानसभेत वाचले गेले. एका हाताने बाईला मूल सुखरूप जन्माला घालता यावे, दुसऱ्या हाताने तिला नको असलेले मूल नाकारता यावे, अशी दोन्ही मागणी त्यांची होती. आणि हे बोलणाऱ्या माणसाने व रमाईंनी आपली चार लेकरे पुरली होती. एकटे यशवंत वाचले. मूल कधी हवे, हवे की नको, आणि झालेले मूल जगेल का, हे तिन्ही प्रश्न एकाच माणुसकीचे आहेत. त्यांतला एक सरकारने घ्यायचा आणि बाकीचे बाजाराला सोडायचे, हे आम्हाला मान्य नाही.

बाजारात सोडल्यावर काय होते? तिथे जात पुन्हा उगवते. दात्याचे बीज किंवा शुक्राणू घेताना जोडपी गोरा रंग, ‘चांगले घराणे’ आणि जातही मागतात, हे वर्तमानपत्रांतून अनेकदा आले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ब्राह्मणाचे आणि मातंगाचे बीज वेगळे दाखवणारा अजून कुणी जन्मला नाही. तरी प्रयोगशाळेच्या काउंटरवर रोटी-बेटीचे नियम चालतात. आणि ही बीजे देणारी बाई बहुतेकदा गरीब असते. २०२१ च्या कायद्याने स्त्रीबीज दात्रीला आयुष्यात एकदाच आणि सातपेक्षा जास्त नाहीत एवढीच बीजे देण्याची मुभा ठेवली, तिचा विमा बंधनकारक केला. तरी २०२२ मध्ये तमिळनाडूत ईरोडच्या एका सोळा वर्षांच्या मुलीची बीजे खोट्या आधार कार्डावर वारंवार विकली गेल्याचे उघड झाले. कायदा कागदावर आहे. देखरेख आपण मागितल्याशिवाय येणार नाही.

मागण्या म्हणून स्पष्ट सांगतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दोघांचीही मूलभूत वंध्यत्व तपासणी मोफत व्हावी. क्षय कार्यक्रमात पाळीच्या आणि गर्भधारणेच्या तक्रारींची नोंद घेतली जावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आयव्हीएफ केंद्रे उभी राहावीत आणि आयुष्मान भारतमधली वगळणूक रद्द व्हावी. हा उपचार कोणत्या जात-वर्गापर्यंत पोहोचतो, याची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध व्हावी.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरात हा प्रश्न आज आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. बाईचे वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष, पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहा. चाळिशीनंतर, किंवा पाळी अनियमित असेल, पूर्वी क्षय झाला असेल तर थांबूच नका. पहिल्याच दिवशी दोघे जा. केंद्र कायद्याखाली नोंदणीकृत आहे का ते विचारा. यशाचा आकडा विचारताना ‘गर्भ किती जणींना राहिला’ असे विचारू नका. ‘माझ्या वयाच्या किती जणींच्या हाती, सुरू केलेल्या एका प्रयत्नामागे, जिवंत मूल आले’ असे विचारा. औषधे, गर्भ गोठवणे, पुढचा प्रयत्न यांसह पूर्ण खर्च लेखी मागा. ‘यश वाढवणाऱ्या’ महागड्या जोडउपचारांपैकी अनेकांना भक्कम पुरावा नाही. पुरावा मागायला लाजू नका. संमतीपत्र समजल्याशिवाय सही करू नका. इंजेक्शनांच्या काळात पोट फुगले, दम लागला, लघवी कमी झाली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. घरात कुणाला कर्करोगाचे उपचार सुरू होणार असतील तर त्याआधीच बीज किंवा शुक्राणू गोठवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. नंतर उशीर होतो. आणि जमीन विकून चौथा प्रयत्न करण्याआधी दोघांनी शांत बसून बोला.

कारण थांबणे हाही निर्णय आहे आणि त्यात कमीपणा नाही. जोतिराव-सावित्रीबाईंनी एका विधवा ब्राह्मण स्त्रीचे मूल आपले केले. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. त्या घराला कुणी वांझ म्हणू शकेल का?

तो शब्द आपल्या घरातून आधी हद्दपार करू. मग जिल्हा रुग्णालयाच्या दारात उभे राहून विचारू: बायकांच्या नळ्या बांधायला तुमच्याकडे सर्जन होता, त्या उघड्या आहेत की बंद एवढे तपासायला कुणीच कसे नाही?